नावांगणच्या वहीवरच्या लाल चिठ्ठ्या

नलू गेल्याचं तिच्या मुलानं फोन करून कळवलं. मी तेव्हा मेथी निवडत होते, आणि खरं सांगायचं तर जुडी संपेपर्यंत जागची उठले नाही. "आई तुमच्याबद्दल कधी काही बोलायची नाही, पण तुमचा नंबर तिनं लिहून ठेवला होता," असं तो भलत्याच अदबीनं म्हणाला. बोलणार कशाला? उभं आयुष्य तिनं माझ्यावर राग धरला आणि मी तो धरू दिला. आता ती नाही, म्हणजे ज्या कारणासाठी मी तोंड शिवून बसले होते ते कारणही उरलं नाही. तेव्हा हे लिहून टाकते. वाचणाऱ्यानं मला चांगलं म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. मी चांगली मुलगी नव्हते. त्या घरात आणि त्या दिवसांत चांगलं असणं मला जमलंही नसतं.

जबलपूरला आमचं क्वार्टर लष्करी कारखान्याच्या कॉलनीत होतं. एका रांगेत सारखी घरं, पुढे तारेचं कुंपण, मागे न्हाणी, आणि दोन घरांत मिळून एक भिंत. भिंतीपलीकडे नलूचं घर. भिंत इतकी पातळ की तिकडे काकूंनी मिरच्यांची फोडणी घातली की ठसका आम्हाला लागायचा. पहाटे भोंगा व्हायचा आणि रस्ता सायकलींनी भरून जायचा. संध्याकाळी पुन्हा भोंगा, पुन्हा सायकली, फक्त माणसं काळी झालेली. बासष्टचं युद्ध सुरू झालं तशी भोंग्याची वेळच बदलली. लांबलचक पाळ्या लागल्या, रविवारची सुट्टी गेली. काचांना काळे कागद चिकटवले होते आणि ते दिवसाही काढायचे नाहीत असा बाबांचा हुकूम, त्यामुळे भर दुपारी आई अंधारात शेगडीपुढे बसलेली असायची. नागपूरच्या माहेरातून उचलून तिला या हिंदी मुलखात आणून टाकलं, हा तिचा राग कधी गेला नाही. तो ती कोथिंबिरीच्या सांबारवडीत, भरल्या वांग्यांत, मिळेल तिथे तिखट घालून काढायची. "काहून रडून राहिली? तिखट नाही ते," असं म्हणायची, आणि स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं.

बाबा तपासणी विभागात होते आणि घरी आले तरी तिथेच असत. कारखान्यात त्यांच्या हातात एक गेज असायचं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये; दोन्ही गेली तरी माल नापास, दोन्ही अडली तरी नापास. नापास मालाला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, तिच्यावर कारण लिहायचं, आणि ज्या कामगारानं तो नग बनवला त्याच्यासमोर उभं राहून ते कारण मोठ्यानं वाचायचं, अशी त्यांच्या सेक्शनची रीत होती. "मागून नाही बोलायचं. तोंडावर सांगायचं. तेव्हाच माणूस सुधरतो," हे बाबांचं आवडतं वाक्य. पोळीला ते उजेडाकडे धरून बघत. काठ जाड असला तर तसं म्हणत, आणि आई ती पोळी त्यांच्याच ताटात पुन्हा वाढे. माझ्या वह्या, माझी वेणी, माझं चालणं, सगळ्यालाच त्यांचं गेज लागायचं. मला ते मुळीच आवडत नसत. मात्र त्यांचा स्वभाव मी पूर्ण उचलला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कोणीतरी तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं.

आम्ही तिघं होतो. मी, नलू आणि चेरीताल मोहल्ल्यातला रमेश. त्याचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इथे आलेलं, आणि ते तो दर दहा मिनिटांनी सांगायचा. मराठी मंडळाच्या वाचनालयात एका कपाटात अद्भुत गोष्टींची पुस्तकं होती, उडते घोडे, पाताळातली राज्यं, असलं सगळं. ती आम्ही इतक्या वेळा वाचली की पानं सुटी झाली, आणि मग आम्ही त्यांना नावं ठेवायला लागलो. त्या पाताळात लोक जेवतात काय? राक्षसांच्या बायका दिवसभर काय करतात? राजकन्येच्या देशात जोडे कोण शिवतं? लेखकांना याचं उत्तर माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आपापले देश बनवायला घेतले. एका वहीत एक देश. त्याचं हवापाणी, भाषा, सण, लग्नं, मर्तिकं, भांडणं, सगळं लिहायचं. दर रविवारी दुपारी नलूच्या व्हरांड्यात जमायचं, वह्या बदलायच्या, आणि आठवड्यानं शेऱ्यासकट परत करायच्या. शेरा कसा द्यायचा हे मी ठरवलं. बाबांच्या पिशवीतून मी कोऱ्या लाल चिठ्ठ्या आणल्या. देश जिथे खोटा वाटेल तिथे चिठ्ठी टाचायची, कारण लिहायचं, आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यानं मधे बोलायचं नाही.

माझ्या देशाचं नाव धुकाळ. उंच पठार, एकही नदी नाही. जबलपुरात जो उठतो तो नर्मदेचं कौतुक करतो याचा मला वीट आला होता, म्हणून मी नदीच ठेवली नाही. धुकाळचे लोक पहाटे डोंगरकड्यावर घोंगड्या टांगायचे आणि धुक्यानं भिजल्या की पिळून पाणी भरायचे. त्यांच्या भाषेत आभार मानायला शब्द नव्हता. भांडणाला मात्र रोजचा तास नेमलेला होता, त्या तासात काहीही बोललेलं चालायचं आणि तास संपला की तोंडं धुऊन जेवायला बसायचं. मला हा देश फार आवडायचा. आजही एखाद्या लग्नघरात कंटाळले की मी डोळे मिटून तिथे जाऊन येते. रमेशनं त्यावर पहिली चिठ्ठी टाचली ती अशी: "समुद्र नाही, नदी नाही. मग यार, मीठ कुठून येते? सगळे अळणी जेवून राहिले काय?" मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाही. पण बरोबर होतं त्याचं. ते मीठ शोधण्यात माझे कित्येक दिवस गेले, आणि शेवटी मी धुकाळात मीठ चाटणारी मेंढरं घातली, ज्यांच्यामागे माणसं डोंगरातल्या खाणीपर्यंत पोचली. देश त्यामुळे दुप्पट खरा झाला. रमेशचा स्वतःचा देश म्हणजे नुसते किल्ले, सेनापती आणि राजांच्या वंशावळी. त्याच्या वहीला मी इतक्या चिठ्ठ्या लावायचे की ती मिटत नसे.

नलूचा देश होता नावांगण. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. बरगीकडच्या गावात एकदा तिनं कोळ्यांच्या होड्या दोरानं एकमेकींना बांधलेल्या पाहिल्या, आणि तेवढ्यावरून आख्खा देश उभा केला. हजारो होड्या बांधून झालेलं गाव, जमीन नाहीच. तिथे मुलीचं लग्न म्हणजे तिची होडी सोडून दुसऱ्या रांगेत बांधायची. भांडण झालं की दोर सैल करायचा, त्यामुळे कोणाचं कोणाशी बिनसलंय ते दुरूनही दिसायचं. हे वाचलं आणि मला पोटात दुखायला लागलं. मी इतक्या घोंगड्या पिळत बसले होते आणि हिनं एका दोरात सगळं बसवलं होतं. नलू मऊ बोलायची, सगळ्यांना आवडायची, दोन वेण्या घालायची. तिच्या वहीत चूक सापडावी म्हणून मी वही उजेडाकडे धरून वाचायचे.

नलूचा थोरला भाऊ विनूदादा फौजेत होता आणि युद्ध सुरू झालं तेव्हा सीमेवर. त्याची पत्रं यायची. काकूंना, म्हणजे नलूच्या आईला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, समोरचं माणूस फक्त आकारानं कळायचं. छातीचंही दुखणं होतं. डॉक्टरांनी घरातल्यांना बजावलं होतं की यांना धक्का लागता कामा नये. पत्रं नलूच वाचून दाखवायची, दुपारी, माजघरात. भिंतीमुळे आम्हालाही ऐकू येत. काकूंचा दिवस सुपाशी जायचा. गहू, डाळ, तांदूळ, सगळं त्या बोटांनी निवडायच्या आणि डोळे असलेल्या बायकांपेक्षा स्वच्छ निवडायच्या. आमच्या रविवारच्या बैठकीला त्या दाराआड बसून सुपात काहीतरी पाखडत असत, आणि तो आवाज इतका सवयीचा झाला होता की आम्ही त्यांना विसरूनच जायचो.

त्या रविवारी नलूच्या वहीवर शेरा द्यायची पाळी माझी होती. आठवडाभर वही माझ्याकडे होती. तिनं नावांगणची एक नवी चाल लिहिली होती. लढाईवर गेलेला मुलगा हरवला, म्हणजे मेल्याचंही कळत नाही आणि जगल्याचंही, तर घरातली धाकटी मुलगी त्याच्या नावानं आईला पत्रं लिहिते. सगळ्या देशाला ही चाल ठाऊक असते, पण कोणी बोलत नाही. पुढे तिनं अशा एका घराची हकिगत दिली होती आणि पत्रंही. मला ती वाचताना जाणवलं की हे आत्तापर्यंतच्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे, आणि म्हणूनच मी त्याला नापास करायचं ठरवलं. दुसरं कारण नव्हतं. इतक्या वर्षांनी मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

मी उभी राहिले. रमेश शिंगाडे सोलत बसला होता. मी चिठ्ठी वाचली, बाबांच्या आवाजात. "नावांगणात भाऊ हरवला की बहीण त्याच्या नावानं पत्रं लिहिते आणि आईला ती खरी वाटतात. हे शक्य नाही. पत्रातला मुलगा 'आई, प्रकृतीला जप' म्हणतो, 'नलू'..." इथे मी थांबले, कारण वहीत एका ठिकाणी बहिणीचं नाव चुकून नलू असंच पडलं होतं, ते मी मुद्दाम ठासून वाचलं, "...'नलू अभ्यास करते का' असं विचारतो. लिहिणारीला स्वतःचं नावही आवरत नाही. आपल्या पोटच्या मुलाचं बोलणं ओळखू येणार नाही इतकी मूर्ख आई कुठेच नसते. आपल्या देशात नाही आणि होड्यांवर तर नाहीच. माल नापास."

दाराआडचं सूप थांबलं. हे माझ्या लक्षात नंतर आलं. त्या वेळी मी नलूकडे बघत होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि मला त्याचा आनंद झाला. तिनं नियम मोडला नाही, मधे बोलली नाही. फक्त दाराकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, हसरा. "अच्छा, तुमच्या गोष्टींतल्या आया लय भोळ्या दिसून राहिल्या ग पोरींनो. चलो, चहा टाकते." आणि सूप पुन्हा सुरू झालं. नलूनं श्वास सोडला. मग ती मला म्हणाली, "तू फार वाईट आहे वसू." मी म्हटलं, "नियम तुलाही मान्य होता." रमेश म्हणाला, "यार, आता दोघी नका सुरू होऊ." पण तोही माझ्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आमच्याकडे आल्या. आई मंडळात जवानांसाठी स्वेटर विणायला गेली होती आणि नलू शाळेत होती. मला ताप होता म्हणून मी घरी. कुंपणाची तार धरून, मग भिंत धरून त्या एकट्या आल्या. त्यांना मी असं कधी बाहेर पडलेलं पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वसू, नलूची ती वही तुझ्याजवळच आहे न?"

"आहे." रागारागात नलू वही न घेताच आत गेली होती.

"मला वाचून दाखव. कालचं ते. पहिल्यापासून."

मला वाटलं त्या नलूची बाजू घ्यायला आल्या आहेत. मी तोऱ्यातच वाचायला बसले. नावांगणच्या त्या घरात बाप दोरखान्यात कामाला असतो. मुलगा हरवल्याची तार त्याला तिथेच मिळते, घरी येत नाही. तो ती कोणाला दाखवत नाही, फक्त धाकटीला सांगतो. दोन दिवस त्याचा डबा न उघडता परत येतो आणि बायकोला तो सांगतो की पोट बिघडलं आहे.

"थांब," काकू म्हणाल्या.

मी थांबले. त्या दोन्ही हातांनी फरशी चाचपत होत्या, जणू काही सांडलं होतं.

"दिवाळीनंतर यांचा डबा दोन दिवस तसाच आला होता. पोळ्या मोडलेल्यासुद्धा नव्हत्या. मला म्हणाले, पोट बिघडलं."

मला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. घाबरले मी. डॉक्टरांनी धक्का लागू देऊ नका म्हटलेली बाई माझ्यासमोर जमिनीवर बसली होती, घरात तिसरं कोणी नव्हतं, आणि हे मी केलं होतं. मी म्हटलं, "काकू, ही नुसती गोष्ट आहे. आम्ही काहीही लिहितो. माझ्या देशात मेंढरं मीठ चाटतात."

"हो ग," त्या म्हणाल्या. "पाणी दे."

पाणी त्यांनी सगळं प्यायलं. रडल्या नाहीत. मग विचारलं, "तुला त्या पत्रांत काय काय खोटं वाटलं? चिठ्ठीत तू लिहिलं होतं न. मला नीट सांग."

आणि मग त्याच सांगायला लागल्या. "मलाही वाटत होतं. विनू मला प्रकृतीला जप कधी म्हणणार नाही. म्हातारे म्हणतो तो मला, वीस वर्षांचा होता तेव्हापासून. वरणाला नाव ठेवल्याशिवाय घास घेतला नाही त्यानं. मागच्या पत्रात आलं की शिंगाड्यांची आठवण येते. विनू शिंगाड्याला हात लावत नाही, ते नलूला आवडतात. मला वाटलं, फौजेनं सुधरवलं त्याला. मी खुश झाली होती ग."

यानंतर त्यांनी जे मागितलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "नलूला सांगू नको मला कळलं म्हणून. तिच्या बापालाही नाही. ते दोघं माझ्यासाठी इतकं करून राहिले, त्यांचं वाया जाईल. कधीच सांगू नको. पण तू तिची वही पास करू नको. चुका काढत जा, कडक काढ. विनू कसा बोलायचा ते मी तुला सांगते. तू त्या चिठ्ठीवर लिही. ती लिहील मग नीट." आणि मग, मला वाटतं मला उद्देशून नव्हे, "एकदा तरी त्याच्यासारखं ऐकू दे मला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि नलूच्या वहीतल्या पत्रांना तीन चिठ्ठ्या लावल्या. "हा मुलगा लढाईवर आहे की गुरुकुलात? घरच्या जेवणाला नावं न ठेवणारा मुलगा आजवर जन्मला नाही. नापास." "याला नेमकं बहिणीला आवडतं तेच खावंसं कसं वाटतं? नावांगणात सगळ्यांना एकच जीभ आहे काय? नापास." "आईला आदरानं बोलतो. म्हणजे हिला भाऊ कसा असतो ते माहीतच नाही. नापास." नलूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं चिठ्ठ्या काढून पोलक्यात ठेवल्या. मी बघितलं ते. फेकल्या नाहीत.

चार दिवसांनी दुपारी भिंतीपलीकडून नलूचा वाचण्याचा आवाज आला. मी भिंतीला कान लावला, यात मला लाज वाटली नाही. "ए म्हातारे," नलू वाचत होती, "इथलं वरण तुझ्यापेक्षा पातळ आहे, त्यामुळे पहिल्यांदाच तुझी आठवण आली. त्या नकट्या नलूला सांग माझ्या सायकलला हात लावला तर तंगडं मोडीन..." आणि मग काकू हसल्या. मी त्यांना असं हसताना त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, मोठ्यानं, धाप लागेपर्यंत. "मेला," त्या म्हणत होत्या, "मेला नालायक. पुन्हा वाच. तेवढं वरणाचं पुन्हा वाच." नलूनं तीन वेळा वाचलं. माझी आई शेगडीपुढून म्हणाली, "चला, बरं झालं, पोराचं पत्र आलं वाटतं." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुत बसले.

असं थंडीभर चाललं आणि पुढेही. युद्ध थांबलं, काचांवरचे कागद निघाले, कैद्यांच्या याद्या आल्या आणि त्यांत विनूदादाचं नाव नव्हतं. पत्रं थांबली नाहीत. आठवड्यातून एकदा काकू काहीतरी निमित्त काढून मला बोलवायच्या, मेथी आणून दे, सुई ओवून दे, आणि मी ओवत असताना सांगायच्या. तो खोटं बोलताना नाक ओढायचा. पत्रात कोणाची खुशाली विचारायचा नाही, फक्त कुत्र्याची विचारायचा. कुंडमच्या जंगलात एकदा हरवला आणि घरी येऊन म्हणाला की तुम्हीच हरवला होता. मी ते घरी येऊन चिठ्ठीच्या भाषेत बसवायचे. "कुत्र्याची खुशाली विचारणारा माणूस जास्त खरा वाटेल." "या माणसाला स्वतःची चूक कबूल करता येते. असा कोणी नसतो." विनूदादा मला कधीच आवडला नव्हता, मला फेंगडी म्हणायचा. त्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता तो मला पाठ झाला. नावांगणची ती वहीही बदलत गेली. ते पत्र लिहिणारं घर आता इतकं जिवंत झालं होतं की रमेश एकदा म्हणाला, "वसू, आता तरी पास कर यार. हिच्याइतकं चांगलं आपल्यापैकी कोणी लिहून नाही राहिलं." मी म्हटलं, "माल कच्चा आहे."

त्यावर नलू उठली. ती ओरडली नाही, तिला ओरडता येत नसे. "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," ती म्हणाली. "तू जळते. आधीपासून जळते. चिठ्ठ्या पाठवत जा, मी वाचीन, कारण चूक तुला बरोबर सापडते. पण मी तुझ्याशी बोलणार नाही." हे सगळं खरं होतं. दाराआड सूप चालूच होतं. मला काकूंचा त्या क्षणी इतका संताप आला की वाटलं आत जाऊन ते सूप उलटं करावं. स्वतःच्या मुलीला सांभाळायला त्यांनी माझ्याकडून माझी मैत्रीण काढून घेतली होती आणि एक शब्द बोलत नव्हत्या. त्यानंतर आमच्या बैठका बंद पडल्या. रमेश चेरीतालहून यायचा थांबला. मी चिठ्ठ्या लिहून कुंपणाच्या तारेला टाचायचे आणि नलू त्या काढून न्यायची, माझ्या घराकडे न बघता.

उन्हाळ्यात काकू गेल्या. दुपारी, बसल्या जागी, वाळ्याच्या पडद्यावर नलू पाणी मारत असताना. आदल्या दिवशीच एक पत्र वाचून झालं होतं, ते मीही ऐकलं होतं. बारा दिवस मी त्या घरात गेले नाही. आई म्हणाली, "काहून नाही जात? इतकी तुझी मैत्रीण," आणि मी तिला उलट बोलले, आणि बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. तेराव्याला जेवणं झाल्यावर नलू स्वतःच आमच्या व्हरांड्यात आली. तिच्या हातात नावांगणची वही होती. ती मला द्यायची का नाही हे तिचं ठरत नव्हतं, शेवटी तिनं ती पाठीमागे धरली.

"तुला एक सांगायला आली," ती म्हणाली. "ते नावांगण वगैरे काही नव्हतं. दादा दिवाळीतच हरवला. बाबांना कारखान्यात तार आली होती. आईची पत्रं मीच लिहीत होती."

मी तिला बसायला पाट सरकवला, ती बसली नाही.

"तू म्हटलं होतं, इतकी मूर्ख आई कुठे नसते. माझी होती. तिला शेवटपर्यंत खरं वाटलं. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, विनूला लिही, वरण आता घट्ट करते म्हणून." तिचा आवाज फाटला आणि तिनं तो सावरला. "तुझ्या त्या घाणेरड्या चिठ्ठ्या नसत्या तर तिला संशय आला असता. पत्रं कशी लिहायची ते मला येत नव्हतं. तेवढं तुझं आहे, ते मी नाही म्हणत नाही. पण तू ते माझं वाईट व्हावं म्हणून केलं. मी तुला माफ करणार नाही."

माझ्या जिभेवर सगळं होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि माझी मैत्रीण मला परत मिळाली असती. त्या एका वाक्यानं तिची आई मात्र तिच्या हातून दुसऱ्यांदा गेली असती. नलू वाट बघत होती. मी भांडावं असं तिला वाटत असावं.

"नको करू," मी म्हटलं.